शिक्षकी पेशातून आलेल्या, एकदाच खासदार झालेल्या व्यक्तीची राजकीय कारकीर्द कशी लिहावी

शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांत आणि गौरवग्रंथांत एक परिच्छेद हमखास सापडतो. अमुक सर आमच्या शाळेत शिक्षक होते, पुढे ते लोकसभेवर निवडून गेले आणि तेथे त्यांनी मतदारसंघाचे प्रश्न तळमळीने मांडले, एवढे सांगून तो परिच्छेद संपतो. कोणते प्रश्न मांडले, कोणत्या वर्षी मांडले, मंत्र्यांनी काय उत्तर दिले आणि पुढच्या निवडणुकीत नेमके काय घडले, याचा त्यात मागमूस नसतो. राजकारणाचा इतिहास लिहिणारे चार-पाच वेळा निवडून आलेल्यांकडे वळतात, शिक्षणाचा इतिहास लिहिणारे या व्यक्तींना राजकारणात गेलेले म्हणून बाजूला ठेवतात, आणि त्यामुळे त्यांच्याविषयीचे लेखन गौरवपर चार ओळींपुढे जात नाही. अशा व्यक्तीविषयी पन्नास-साठ पानांचे विश्वसनीय चरित्र लिहिण्यासाठी लागणारी साधने मात्र आज बहुतांशी उपलब्ध आहेत. ती कोणत्या क्रमाने वापरावीत आणि कोठे फसगत होते, हे येथे सांगितले आहे.

आधी कार्यकाळ मोजावा

‘एक टर्म’ हे काळाचे ठरावीक माप नाही, आणि बहुतेक लेखनात पहिली चूक येथेच होते. लोकसभेची मुदत पाच वर्षांची असली, तरी सभागृह त्याआधी विसर्जित होऊ शकते आणि आणीबाणीत ती मुदत वाढवलीही गेली आहे. १९७१ मध्ये निवडून आलेली पाचवी लोकसभा जानेवारी १९७७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेसहा वर्षे टिकली. सहावी लोकसभा मार्च १९७७ मध्ये अस्तित्वात आली आणि ऑगस्ट १९७९ मध्ये विसर्जित झाली. नववी डिसेंबर १९८९ ते मार्च १९९१, अकरावी मे १९९६ ते डिसेंबर १९९७ आणि बारावी मार्च १९९८ ते एप्रिल १९९९ एवढीच चालली. बाराव्या लोकसभेतील सदस्याला जेमतेम तेरा महिने मिळाले, त्यांतले अधिवेशनाचे दिवस आणखी थोडे. त्याने विचारलेल्या प्रश्नांची संख्या पाचव्या लोकसभेतील सदस्याच्या संख्येशेजारी ठेवून ‘निष्क्रिय’ असा शेरा मारणे, हे सहामाहीचे गुण वार्षिक परीक्षेच्या गुणांशी ताडून पाहण्यासारखे आहे.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर चार तारखा लिहाव्यात: निकालाची, शपथेची, शेवटच्या उपस्थितीची आणि सभागृह विसर्जित झाल्याची. सदस्य पोटनिवडणुकीतून आला असेल, तर त्याच्या वाट्याला आलेला काळ स्वतंत्रपणे काढावा. त्यानंतर त्या काळात किती अधिवेशने झाली ते पाहावे. सर्वसाधारणपणे वर्षात अर्थसंकल्पीय, पावसाळी आणि हिवाळी अशी तीन अधिवेशने होतात, परंतु अस्थिर सरकारांच्या काळात हा क्रम बिघडलेला दिसतो. पुढचे प्रत्येक विधान या हिशेबावर तपासायचे असल्याने येथे घाई करू नये.

याच टप्प्यावर सभागृहाचीही खात्री करून घ्यावी. महाराष्ट्रात शिक्षक मतदारसंघातून निवडून येणारे सदस्य विधान परिषदेचे असतात. संविधानाच्या अनुच्छेद १७१ मध्ये त्यांची तरतूद आहे आणि ७८ सदस्यांच्या परिषदेत त्यांच्या ७ जागा आहेत. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘शिक्षक आमदार’ आणि ‘शिक्षक असलेले खासदार’ यांची सर्रास सरमिसळ होते. राज्यसभेचा सदस्य असेल, तर मुदत सहा वर्षांची असते आणि निवड विधानसभेच्या सदस्यांकडून होते. राष्ट्रपतिनियुक्त सदस्याला मतदारसंघही नसतो आणि प्रचारही नसतो. धर्मशास्त्राचे अभ्यासक पां. वा. काणे यांनी आरंभी शाळेत अध्यापन केले होते आणि पुढे १९५३ ते १९५९ या काळात ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते. त्यांच्यासारख्या व्यक्तीच्या संसदीय कामाला लोकसभेच्या सदस्याचे निकष लावता येत नाहीत.

शिक्षक म्हणजे नेमके काय होते

प्रत्येक लोकसभेच्या सदस्यांचा परिचयग्रंथ प्रसिद्ध होतो आणि त्यात व्यवसायाची नोंद असते. ही माहिती सदस्याने स्वतः दिलेली असते, हे विसरू नये. ‘शिक्षक व शिक्षणतज्ज्ञ’ एवढ्या शब्दांत दोन वर्षे रात्रशाळेत शिकवलेला वकील, तीस वर्षे एकाच शाळेत काढलेला मुख्याध्यापक आणि संस्था काढून तिचा अध्यक्ष झालेला बागाईतदार, असे तिघेही बसू शकतात. तिघांच्या राजकारणाची मुळे वेगवेगळी असतात. पहिल्याला शिक्षकी हा आयुष्यातला एक थांबा असतो, दुसऱ्याला गावोगावचे विद्यार्थी हाच जनाधार असतो, तर तिसऱ्याला संस्था हे सत्तेचे साधन असते.

हा फरक कागदावर सिद्ध करावा लागतो. सेवापुस्तिका, नेमणुकीचा आदेश, शाळेचे हजेरीपत्रक, मुख्याध्यापकांचे लॉगबुक, शाळेचे वार्षिक अंक आणि शिक्षक संघटनेच्या अधिवेशनांचे वृत्तान्त ही साधने त्यासाठी पाहावीत. सेवापुस्तिका मिळवायची तर कुटुंबीयांची संमती घ्यावी. संघटनेचे वृत्तान्त विशेष मोलाचे ठरतात, कारण वेतनश्रेणी, सेवाशाश्वती आणि अनुदान यांसाठीच्या आंदोलनांत अनेक शिक्षकांना प्रथमच जाहीर व्यासपीठ मिळाले आणि पक्षांचे लक्ष त्यांच्याकडे गेले ते तेथेच.

नोकरी कधी आणि कशी सुटली, हा मुद्दा वेगळा शोधावा. सरकारखाली लाभाचे पद धारण करणारी व्यक्ती अनुच्छेद १०२ नुसार संसदेची सदस्य होण्यास अपात्र ठरते, त्यामुळे सरकारी सेवेतील शिक्षकाला नोकरी सोडल्याशिवाय गत्यंतर नसते. खासगी संस्था आणि विद्यापीठे यांच्या सेवेतील शिक्षकांचे नियम मात्र काळानुसार आणि संस्थेनुसार बदलत आले आहेत. राजीनामा, बिनपगारी रजा की स्वेच्छानिवृत्ती, हे कळले म्हणजे त्या व्यक्तीने किती धोका पत्करला होता हेही कळते. पराभवानंतर पुन्हा वर्गावर जाण्याची वाट उघडी असलेला उमेदवार आणि निवृत्तिवेतनावर पाणी सोडून उभा राहिलेला उमेदवार, यांचे धाडस एकाच मापाचे म्हणता येणार नाही.

निवडणूक वाचताना

निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून उपलब्ध आहेत. उमेदवार, पक्ष, मते, मतदानाची टक्केवारी हे सर्व त्यांत मिळते, त्यामुळे ‘प्रचंड बहुमताने’ यासारखे शब्द वापरण्याचे कारण उरत नाही. तरीही हे अहवाल जसेच्या तसे उतरवून घेतले तर तीन ठिकाणी घोटाळा होतो.

पहिला घोटाळा पक्षाच्या नावाचा. १९७७ मध्ये जनता पक्षाचे उमेदवार बहुतांश राज्यांत भारतीय लोकदलाच्या चिन्हावर लढले आणि आयोगाच्या तक्त्यात त्यांच्यापुढे लोकदलाचेच नाव आहे. हे ठाऊक नसलेला लेखक समाजवादी परंपरेतल्या शिक्षकाला लोकदलाचे नेते चौधरी चरणसिंग यांचा अनुयायी ठरवून मोकळा होतो. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाबतीतही अशीच काळजी घ्यावी लागते, कारण समिती ही अनेक पक्षांची आघाडी होती आणि तिचे उमेदवार घटक पक्षांच्या नावाने किंवा अपक्ष म्हणून नोंदलेले आढळतात. दुसरा घोटाळा मतांच्या आकड्यांचा. १९५२ आणि १९५७ मध्ये काही मतदारसंघ द्विसदस्य होते, तेथे मतदाराला दोन मते होती आणि एकूण मते मतदारांपेक्षा जास्त दिसतात. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली.

तिसरा घोटाळा नकाशाचा. २००८ च्या पुनर्रचनेत महाराष्ट्रातील अनेक मतदारसंघांची नावे आणि हद्दी बदलल्या. राजापूर जाऊन रत्नागिरी-सिंधुदुर्ग आला, इचलकरंजीच्या जागी हातकणंगले आला, खेडच्या जागी शिरूर आला, कराड आणि पंढरपूर हे लोकसभा मतदारसंघ म्हणून नाहीसे झाले. नाव तेच राहिले तरी त्यातले तालुके तेच असतील असे नाही. राज्यात लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८ जागा आहेत, म्हणजे प्रत्येक लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे येतात. शक्य असेल तेथे या सहा क्षेत्रांतील मते वेगवेगळी पाहावीत. ज्या क्षेत्रात ती व्यक्ती शिकवीत होती तेथेच मताधिक्य मिळाले असेल, तर ‘सरांचे विद्यार्थी’ हा आधार खरा होता असे म्हणण्यास जागा आहे. सहाही क्षेत्रांत सारखेच मताधिक्य असेल, तर ती पक्षाची किंवा लाटेची मते होती, आणि गौरवग्रंथाला आवडो न आवडो, तसे लिहावे.

२००४ पासूनच्या निवडणुकांसाठी उमेदवारांची शपथपत्रे हे आणखी एक साधन आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर शिक्षण, मालमत्ता, देणी आणि गुन्हेगारी प्रकरणे जाहीर करणे बंधनकारक झाले. त्याआधीच्या उमेदवाराच्या सांपत्तिक स्थितीविषयी ऐकीव माहितीखेरीज हाती काही लागत नसेल, तर तो विषय वगळावा.

संसदेतील काम

चरित्राचा गाभा येथे आहे आणि सर्वाधिक वेळही येथेच द्यावा. लोकसभेतील चर्चा आणि प्रश्नोत्तरे संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात सदस्याच्या नावाने शोधता येतात. नावाचे स्पेलिंग, आडनाव आधी की नंतर, नावापुढे ‘प्रा.’ आहे की नाही, यांमुळे एकाच सदस्याच्या नोंदी विखुरलेल्या असतात. म्हणून नावाचे निदान चार प्रकार करून पाहावेत आणि तेवढ्यावर न थांबता मतदारसंघाच्या नावानेही शोध घ्यावा.

प्रश्नांचे दोन प्रकार असतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. कोणत्या सदस्याचा प्रश्न यादीत कितव्या क्रमांकावर येणार हे सोडतीने ठरते आणि तारांकित यादीतले सर्व प्रश्न तासाभरात घेतले जातच नाहीत, राहिलेल्यांची उत्तरे लेखी दिली जातात. त्यामुळे एखाद्या सदस्याने तोंडी प्रश्न कमी विचारले यावरून त्याच्या उत्साहाचा निर्णय करू नये. त्याऐवजी त्याने दिलेल्या प्रश्नांचे विषय लावून पाहावेत आणि एकच विषय तो पुन्हा पुन्हा धरतो का, पहिल्या उत्तरातील उणीव पकडून दुसरा प्रश्न विचारतो का, हे तपासावे. माझ्या मते चांगल्या सदस्याची खूण संख्येत नसून या पाठपुराव्यात सापडते. आणीबाणी जाहीर झाल्यानंतरच्या १९७५ च्या अधिवेशनात आणि २०२० च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास घेतलाच गेला नव्हता, हेही गणनेत धरावे.

येथे शिक्षक-खासदाराच्या बाबतीत एक खास अडचण येते. तो शिक्षणावर भरभरून बोलला असेल अशी आपली अपेक्षा असते, आणि प्रत्यक्षात शालेय शिक्षणावरचे त्याचे प्रश्न तुरळक निघतात. याचे कारण पुष्कळदा संविधानात असते. शिक्षण हा विषय मुख्यतः राज्यसूचीत होता आणि ४२ व्या घटनादुरुस्तीने जानेवारी १९७७ पासून तो समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येणाऱ्या विषयांच्या यादीत आला. त्याआधी प्राथमिक शाळांच्या इमारती किंवा शिक्षकांचे पगार यांवर विचारलेल्या प्रश्नाला हा राज्य सरकारचा विषय आहे असे उत्तर देऊन केंद्राचे मंत्री मोकळे होऊ शकत. म्हणून १९७७ पूर्वीच्या सदस्याचे शिक्षणविषयक काम विद्यापीठे, केंद्रीय शिष्यवृत्त्या, पंचवार्षिक योजनांतील तरतूद, भाषाधोरण अशा आडवाटांनी शोधावे लागते. उलट, शिक्षक होते म्हणून प्रत्येक भाषणात वर्गखोली दिसते असे ओढूनताणून दाखवू नये. रेल्वेचा थांबा, टपाल कार्यालय, कापसाचा भाव यांवरच तो बोलला असेल, तर त्याने स्वतःला शिक्षकांचा नव्हे तर शेतकऱ्यांचा प्रतिनिधी मानले होते, आणि चरित्रासाठी तो अधिक महत्त्वाचा निष्कर्ष आहे.

भाषणे वाचताना भाषेकडे लक्ष द्यावे. अनुच्छेद १२० नुसार हिंदी किंवा इंग्रजीत पुरेसे व्यक्त होऊ न शकणाऱ्या सदस्याला पीठासीन अधिकारी मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. मराठी माध्यमात आयुष्य काढलेला शिक्षक दिल्लीत कोणत्या भाषेत उभा राहिला, हा चरित्रातला रंजक भाग असतो. छापील वृत्तान्तात दिसते ते वाक्य मूळचे आहे की भाषांतर, हे पाहिल्याशिवाय ते अवतरणचिन्हांत घालू नये.

मतदानावरून मते ठरवताना १९८५ हे वर्ष ध्यानात ठेवावे. त्या वर्षीच्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली आणि पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्व धोक्यात येऊ लागले. त्यानंतरच्या सदस्याने एखाद्या विधेयकाला मत दिले, यावरून त्याला ते पटले होते असे सिद्ध होत नाही. त्याचे स्वतःचे मत शोधायचे तर शुक्रवारी मांडली जाणारी अशासकीय (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांची) विधेयके, सार्वजनिक महत्त्वाचे प्रश्न मांडण्यासाठी नियम ३७७ खाली केलेली निवेदने आणि समित्यांचे अहवाल पाहावेत. अशासकीय विधेयक मंजूर झाले नाही याचा उल्लेख अपयश म्हणून करण्याचे कारण नाही, कारण १९७० नंतर असे एकही विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा बनलेले नाही. ते मांडताना जोडलेले उद्देश व कारणांचे निवेदन मात्र अवश्य वाचावे, सदस्याच्या विचारांचा एवढा स्वच्छ कागद दुसरा मिळत नाही. विभागवार स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या. त्याआधीच्या सदस्यासाठी अंदाज समिती, लोकलेखा समिती किंवा मंत्रालयांच्या सल्लागार समित्यांत शोध घ्यावा.

संसदेतील काम आणि संसदेबाहेरचे काम यांची गल्लत टाळण्यासाठी मेघनाद साहा यांचे उदाहरण उपयोगी पडते. अलाहाबाद आणि कलकत्ता येथे दीर्घकाळ पदार्थविज्ञान शिकवलेले हे शास्त्रज्ञ १९५२ मध्ये कलकत्त्यातून पहिल्या लोकसभेवर निवडून आले. याच काळात दिनदर्शिका सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते, समितीचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि राष्ट्रीय सौर दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून स्वीकारली गेली. ही समिती वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने नेमली होती, संसदेने नव्हे. त्यामुळे तिचे श्रेय साहांच्या शास्त्रज्ञ म्हणून असलेल्या अधिकाराकडे जाते, आणि खासदार म्हणून त्यांचे मोजमाप करायचे तर नियोजन, अणुऊर्जा यांवरची त्यांची सभागृहातील भाषणे वाचावी लागतात.

मतदारसंघातील खुणा

स्मरणिकांत ‘खासदार निधीतून सभागृह बांधले’ असे वाक्य आले की आधी वर्ष पाहावे. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना डिसेंबर १९९३ मध्ये जाहीर झाली. सुरुवातीच्या वर्षी रक्कम ५ लाख रुपये होती, १९९४-९५ पासून वार्षिक १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून ५ कोटी झाली. त्यामुळे १९८० च्या सुमारास बांधलेल्या इमारतीवर हा निधी लावणे अशक्य आहे. शिवाय खासदार कामाची शिफारस करतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. शिफारस, मंजुरी आणि पूर्णता या तीन याद्या वेगळ्या मागवाव्यात. त्या सहज मिळाल्या नाहीत, तर माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा.

दुसऱ्यांदा का नाही

या प्रश्नाचे उत्तर अनेक लेखक एका शब्दात देतात: पराभव. ते नेहमी खरे नसते. साहांचे फेब्रुवारी १९५६ मध्ये मुदत संपण्यापूर्वीच निधन झाले. इतिहासाचे प्राध्यापक सुगत बोस २०१४ मध्ये जादवपूरमधून निवडून आले आणि २०१९ मध्ये ते उमेदवारच नव्हते. १९७७ मध्ये आलेले अनेक सदस्य १९८० मध्ये पडले ते जनता पक्ष फुटल्यामुळे आणि लाट उलटल्यामुळे, त्यात त्यांच्या अडीच वर्षांच्या कामाचा भाग किती हे सांगणे कठीण असते. कधी मतदारसंघ राखीव होतो, कधी तो पुनर्रचनेत नाहीसा होतो, कधी आघाडीच्या जागावाटपात मित्रपक्षाकडे जातो, तर कधी पक्षच तिकीट नाकारतो. तिकीट नाकारल्याच्या बातम्या निवडणुकीच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांतील स्थानिक दैनिकांत सापडतात, निकालानंतरच्या अंकांत नव्हे. तुलनेसाठी प्रा. मधु दंडवते यांचे उदाहरण समोर ठेवता येते. तेही पदार्थविज्ञानाचे अध्यापक होते, परंतु १९७१ पासून ते राजापुरातून सलग पाच वेळा निवडून आले आणि इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या १९८४ च्या सहानुभूतीच्या लाटेतही टिकले. एकाला जे साधले ते दुसऱ्याला का साधले नाही, हे विचारताना संघटना, पक्षाची स्थिती आणि मतदारसंघाची परंपरा हे घटक स्वभावाच्या आधी घ्यावेत.

मुलाखती शेवटी घ्याव्यात

माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी हे मोहाचे साधन आहे, म्हणून त्या कागदपत्रे वाचून झाल्यावरच घ्याव्यात. आरंभीच घेतल्या, तर लेखकाच्या मनात आदरणीय गुरुजींची मूर्ती पक्की होते आणि पुढचा प्रत्येक कागद तिच्या पायाशी वाहिला जातो. ‘सर कसे होते?’ असे विचारण्यापेक्षा ‘निवडणुकीत तुम्ही कोणत्या गावात प्रचाराला गेला होता, गाडी कोणाची होती, सभेला अध्यक्ष कोण होते?’ असे विचारावे. विरोधात काम केलेल्या निदान दोघांना भेटावे. लोक त्यांना सर म्हणत, गुरुजी म्हणत की मास्तर, हेही टिपून ठेवावे, कारण खासदार झाल्यावर ती हाक बदलली असेल तर केव्हा आणि कोणाच्या तोंडी बदलली यातून पुष्कळ कळते. हयात व्यक्तींचे घरगुती तपशील, आजारपण आणि कर्ज यांना हात लावू नये.

लिहिताना पानांची वाटणी मिळालेल्या साधनांप्रमाणे करावी. तेरा महिन्यांच्या संसदेला दहा पाने आणि सत्तावीस वर्षांच्या शाळेला तीस पाने, असे प्रमाण पडले तरी बिघडत नाही. सभागृह सोडल्यानंतर ती व्यक्ती कोठे गेली, पुन्हा शिकवू लागली, संस्थेत रमली, जिल्हा परिषदेकडे वळली की राजकारणातून बाजूला झाली, या काळाला एक प्रकरण द्यावे. पुस्तक छापून झाल्यावर प्रश्नोत्तरांच्या आणि निकालपत्रकांच्या छायाप्रतींची एक फाइल करून ती शाळेच्या आणि तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवावी, म्हणजे पुढच्या स्मरणिकेच्या संपादकाला ती तपासून पाहता येईल.